आशाबाईंचा नारू

खामगावच्या मिशन दवाखान्यात पट्ट्या धुणाऱ्या आशाबाईंना प्रत्येक कामात धडा सापडायचा. पट्ट्या उकळायला टाकल्या की मनाचा मळ आठवायचा, पीठ चाळताना शेवटचा न्याय आठवायचा, आणि कंदिलाची काच पुसताना तर दोन-तीन धडे एकदमच हाती लागायचे. सापडलेला धडा स्वतःजवळ ठेवणं त्यांना जमत नसे. समोर जो असेल त्याला तो तिथल्या तिथे मिळायचा. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "आशाबाई, आधी पट्टी, मग प्रवचन." आशाबाई मान डोलवायच्या आणि दोन्ही बरोबरच करायच्या.

बाई मनानं निर्मळ होत्या. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. महिन्यातून एकदा त्या चिखलीकडे जाणाऱ्या मोटारीनं उंद्रीला उतरायच्या. खरजेचं मलम, डोळ्यांत घालायचं औषध आणि शुभवर्तमानाची पुस्तकं असलेली पिशवी खांद्याला असायची. मुक्काम नूरजहांच्या घरी. नूरजहांचा नवरा वहाब पिंजारी कापूस पिंजायची धनुकली घेऊन गावोगाव फिरायचा, म्हणून तिलाही सोबत हवीच असायची.

त्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी त्यांना नवं काम दिलं. उंद्रीत दर उन्हाळ्यात घरटी एकाला तरी नारू व्हायचा. पायाला फोड यायचा, फुटायचा आणि त्यातून दोऱ्यासारखा लांब किडा बाहेर पडायचा. माणूस महिना महिना खाटेवर. हा किडा पाण्यातून पोटात जातो, वर्षभर अंगात वाढतो, आणि नारूवाला माणूस विहिरीत पाय घालतो तेव्हा पुन्हा पाण्यात उतरतो, असं डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. उपाय दोन. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि विहिरीत पाय घालायचा नाही.

उंद्रीची विहीर पायऱ्यांची होती. बाया खाली उतरायच्या, घोटाभर पाण्यात उभं राहून घागर बुडवायच्या. काठावर बसून आशाबाईंनी फडकं पसरलं आणि सुरू केलं, "बायांनो, हे पाहा. पाणी गाळलं की घाण वर राहते. तसंच मन आपण..."

"आलं वो मन!" खालच्या पायरीवरून अन्नपूर्णाबाई ओरडल्या. "मी म्हनतच होती, आज फडक्यावर थांबनार नाही ही."

अन्नपूर्णाबाई म्हणजे महादेवराव माळ्यांची बायको. वांगी, मेथी, कांदे यांचा मोठा मळा आणि त्याहून मोठी जीभ. विहीर महादेवरावांच्या आज्यानं बांधलेली, त्यामुळे तिथं त्यांचाच शब्द चालायचा.

"पन आशाबाई," त्या म्हणाल्या, "माह्या मेथीत अळी पडली. त्याच्यात काही धडा असन तं तोबी सांगून टाका. अळीले ऐकवते."

बाया खो-खो हसल्या. आशाबाईही हसल्या, पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या. फडकं कुणी नेलं नाही. नूरजहांनं तेवढं एक घेतलं, आणि संध्याकाळी त्याच्यात दही टांगलं.

चैत्रात आशाबाई पुन्हा आल्या तेव्हा त्यांचा डावा घोटा सुजला होता. मोटारीत बसून आखडला असेल, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी फोड आला, अंगात ताप भरला. तिसऱ्या दिवशी नूरजहांनं पाय पाहिला आणि तोंडावर पदर धरला. तिला वाईट वाटत होतं आणि हसूही येत होतं.

"या अल्ला! आशाबाई, तुमालेच नारू?"

बातमी विहिरीवर पोचायला वेळ लागला नाही. गाळून प्या, गाळून प्या म्हणणारीच न गाळता प्याली! खरं तर त्यात आशाबाईंची चूक एवढीच की, मागल्या उन्हाळ्यात ज्या घरी गेल्या त्या घरी पाणी पुढे आलं आणि त्यांनी नको म्हटलं नाही. नूरजहां पेल्यात द्यायची. माळीवाड्यात त्यांनी ओंजळ धरायची आणि वरून तांब्यानं धार सोडायची, अशी रीत होती. आशाबाई कोणत्या वाड्यातून बाटून ख्रिस्ती झाल्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी कधी त्यावर तोंड वाकडं केलं नव्हतं. धार चुकून मनगटावरून कोपरापर्यंत गेली तरी "थंड आहे बरं," म्हणायच्या.

मोटारवाल्याबरोबर खामगावला चिठ्ठी गेली. उत्तर आलं: प्रवास करू नका, किडा ओढू नका, तुटला तर पाय जाईल. जाणत्या माणसाकडून रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळून घ्या.

उंद्रीत नारू काढणारा सगळ्यात हलका हात अन्नपूर्णाबाईंचा होता. त्यांना स्वतःला तीनदा नारू झाला होता. नूरजहां बोलवायला गेली तेव्हा ती मनात म्हणत होती, ही काही येणार नाही. पण बाई आल्या. दारात क्षणभर थांबल्या, घरभर नजर फिरवली, मग पातेलंभर ऊन पाणी मागितलं, जमिनीवर फतकल मारली आणि आशाबाईंचा पाय ओढून मांडीवर घेतला.

आशाबाईंनी तो झटक्यानं मागे घेतला.

"नाही, नाही. तुम्ही नका हात लावू. नूरजहांभाभी करेल."

"तिनं कधी काढला? तोडून ठेवन."

"पण तुमच्या घरी... तुम्हांला बाट..."

"घरी जाऊन आंघोळ करीन. तुले काय त्याचं? पाय आन इकडं."

आशाबाईंना आयुष्यभर सांगितलेली शुभवर्तमानातली एक गोष्ट आठवली. प्रभू कमरेला पंचा बांधून शिष्यांचे पाय धुवायला बसला तेव्हा पेत्र म्हणाला होता, माझे नाही, कधीच नाही. ती गोष्ट त्यांनी शंभरदा सांगितली असेल, आणि दर वेळी पेत्राला मनातल्या मनात थोडी नावं ठेवली असतील. एवढं काय ते अवघड, असं त्यांना वाटायचं. आता त्यांनी हळूहळू पाय पुढे केला.

अन्नपूर्णाबाईंनी ऊन पाण्यानं जखम धुतली, किड्याचं टोक बोरूच्या काडीला अलगद लावलं आणि एक वेढा, फक्त एक, फिरवला. आशाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मंग?" अन्नपूर्णाबाई काडीवरून नजर न काढता म्हणाल्या. "याच्यात काय धडा हाय, बाई?"

नूरजहां ओठ चावून हसू दाबत होती. आशाबाईंनी खूप शोधलं.

"काही नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "लय दुखून राह्यलं, बाई."

अन्नपूर्णाबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. चेहऱ्यावरची थट्टा कुठं गेली कुणास ठाऊक. "दुखतेच," त्या म्हणाल्या. "मले तं तिसऱ्या खेपेले मरून जावंसं वाटलं व्हतं. सासू म्हने, नाटकं करते."

त्या दिवसापासून नूरजहांच्या घरात बायांची ये-जा सुरू झाली. कुणी कढी आणली, कुणी कडुनिंबाचा पाला. जी ती आपल्या नारूची कहाणी सांगायची, आणि आशाबाई, ज्यांनी दहा वर्षांत कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं, पडल्या पडल्या ऐकत राहायच्या. फडक्याचा विषय त्यांनी काढला नाही. एका दुपारी बायांनीच काढला. "गाळल्यानं खरंच जाते काय वो?" आशाबाईंनी एवढंच सांगितलं, "डॉक्टरीणबाई म्हणतात, जाते." नूरजहांनं उठून दह्याचं फडकं धुतलं आणि घागरीच्या तोंडाला बांधलं.

अन्नपूर्णाबाई रोज येत, एक वेढा देत आणि आंघोळीला जात. नवव्या दिवशी आशाबाईंनीच आठवण केली तर त्या खेकसल्या, "आज मेथी बजारात जाऊन राह्यली. आंघोळीले येळ कोनाले हाय!"

पंधराव्या दिवशी महादेवराव स्वतः आले. आत न येता ओट्यावर बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"बाई," ते दारातून म्हणाले, "माह्या आज्यानं त्या पायऱ्या पुन्यासाठी बांधल्या. बायांले दोर वढा लागू नये म्हून. अन् त्याच पायऱ्यांनी तुमाले आडवं केलं."

असा प्रसंग पूर्वी आला असता तर आशाबाईंनी पुण्य आणि कृपा यांवर तासभर घेतला असता. आत्ता त्या म्हणाल्या, "दादा, पुण्य झालंच की. त्या पायऱ्यांवर बसूनच मी दर उन्हाळ्यात दम खाल्ला. गावात तेवढीच थंड जागा आहे."

महादेवरावांनी पागोटं उचलून डोक्यावर ठेवलं. मग म्हणाले, "वरच्या पायऱ्या ठेवतो. बसाले. खालच्या बुजवून टाकतो, अन् राहाट बसवतो."

विसाव्या दिवशी किडा पुरा निघाला. अन्नपूर्णाबाईंनी काडी सगळ्यांना दाखवली, जणू मळ्यातला पहिला भोपळा. त्याच आठवड्यात विहिरीवर गवंडी आला. राहाट लागला त्या पहिल्या दिवशी दोर ओढून बायांच्या हातांना फोड आले, तेव्हा सगळ्यांनी मिळून आशाबाईंना मनसोक्त शिव्या दिल्या. आशाबाई लंगडत आल्या आणि त्यांनीही चार घागरी ओढल्या.

नारूचा हिशेब वर्षाचा. त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात जुन्या पाण्याचे नारू निघालेच. "पायऱ्या बुजल्या, नारू तं हायेच!" असं लोक म्हणाले, आणि ते ऐकत आशाबाई दर महिन्याला येत राहिल्या. त्याच्याही पुढच्या उन्हाळ्यात सबंध गावात तीनच नारू निघाले. त्यातला एक महादेवरावांचा. शेतातल्या डबक्याचं पाणी ते कुणाला न सांगता प्यायचे.

अन्नपूर्णाबाईंनी नवऱ्याचा पाय धरायला आशाबाईंना बसवलं आणि काडी स्वतः हातात घेतली. पहिल्या वेढ्यालाच महादेवराव असे ओरडले की मळ्यातले बैल उठून उभे राहिले.

"गप बसा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "बाईचा पाय मी वीस दिवस धरला. एकदाबी एवढ्या मोठ्यानं बोंबलली नाही."

"बोंबलले होते," आशाबाई म्हणाल्या आणि महादेवरावांचा पाय आणखी घट्ट धरला. "तुम्ही आंघोळीला गेल्यावर."