जेवायच्या वेळी बंद दार

आमच्या रांगेत जेवायच्या वेळी दार लावून घेणारं घर एकच होतं, वासितीचं. आमच्या बेटावरच्या लष्करी छावणीच्या मागे आमची वस्ती, सगळ्या सैनिकांच्या बायका, अर्ध्याजणींचे नवरे दूर वाळवंटात शांतिसेनेत. ताट पुढ्यात आलं की आम्ही दार उघडं ठेवतो आणि रस्त्याने जाईल त्याला हाक मारतो, "या, जेवायला." घरात डब्यातला एकच मासा असला तरी हाक मारायची. जाणाराही शहाणा असतो, "जेवलोय, जेवलोय" म्हणत पुढे जातो. हाक आली नाही तर समजावं, घरात काहीतरी लपवलंय. वासिती इथेच जन्मली, इथेच वाढली, आणि तरी तिला वाटलं की दार लावलं म्हणजे झालं. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातली गत.

लपवला होता नवरा. एपेली पहाटेच्या टॅक्सीने आला. टॅक्सीवाल्याने दुकानदाराला सांगितलं, दुकानदाराने मला, आणि माझ्या जिभेला कुठे हाड आहे? दुपारपर्यंत सगळ्या रांगेला कळलं. मुदत संपायच्या आधीच आलेला, म्हणून गळ्यात हार नाही, बँड नाही, गावाकडून मानाच्या चटया घेऊन कुणी आलं नाही. चौकीवर स्फोट झाला, त्यानंतर त्याचे हात थरथरायला लागले, बंदूक धरवेना, म्हणून घरी पाठवला. हे माझ्या नवऱ्याने आणलेलं. तो छावणीचा स्वयंपाकी, त्याच्या कढईपाशी सगळ्या बातम्या येतात.

त्याच स्फोटात लाइसानीचा नवरा साकिउसा गेला. चौकीवर तेव्हा दोघेच होते, साकिउसा आणि एपेली.

लाइसानीचं घर वासितीच्या बरोबर समोर. काळे कपडे घालून ती दारात बसायची आणि समोरच्या बंद दाराकडे बघत राहायची. सैन्याने तिला झेंडा दिला, बंद शवपेटी दिली आणि सांगितलं, कर्तव्यावर असताना वीरमरण आलं.

"हे ते सगळ्यांनाच सांगतात," ती मला म्हणाली. "नानिसे, शेवटी तो काय बोलला, घाबरला होता का, जवळ कोणी होतं का, एवढं कळलं ना, तर मला झोप लागेल गं."

सांगू शकणारा माणूस जगात एकच, आणि तो रस्त्यापलीकडे.

"मग जाऊन विचार की," मी म्हटलं. "मी येते बरोबर. केस धरून बाहेर काढू मेल्याला."

"नको. लाजेने आत बसलेल्याला त्याच्या घरातून ओढायचं नसतं. त्याचं त्याने यायचं असतं. तुझ्या आईने शिकवलं नाही वाटतं तुला?"

शिकवलं होतं. मीच ऐकलं नव्हतं.

आता चर्चचं कसं असतं, जिचा नवरा बाहेर असेल तिच्या घरी आम्ही बायका दर बुधवारी दुपारी जमतो. प्रार्थना करतो, एकेक भांडं घेऊन जातो, सगळ्या मिळून जेवतो. एकेका घरची पाळी महिनाभर असते, त्या महिन्यात वासितीची आली. नवरा बाहेर आहे म्हणायचं तर प्रार्थना घ्यायलाच हवी. बिचारीने चटया अंथरल्या, लिंबाच्या पानांचा चहा केला आणि आम्ही आत गेल्यावर दार लावून घेतलं. म्हणाली, धूळ येते. मागची खोली आणि आम्ही, मध्ये एक प्लायवूडची फळी. खोकला तरी ऐकू येईल अशी.

लाइसानीने प्रार्थना सुरू केली. "देवा, एपेलीला वाळवंटात ऊन लागू देऊ नकोस. त्याला पाणी मिळू दे. त्याची भीती कमी कर."

फळीमागे खाट करकरली. वासितीचे कान लाल झाले.

"उंदीर फार झालेत हल्ली," ती म्हणाली.

"चांगले पोसलेले दिसतायत," मी म्हटलं.

बायका रुमालात तोंड घालून हसल्या. पाद्रीणबाईसुद्धा हसल्या, खोटं कशाला बोलू. लाइसानी तेवढी हसली नाही. तिने आपलं आमेन म्हटलं आणि ताटं मांडायला घेतली.

त्यानंतर एकही बुधवार मी चुकवला नाही. घरी कपडे भिजत पडले तरी जायची. माझी मोठी भक्ती म्हणून नाही, मजा बघायला.

एकदा वासितीने मला दोरीवर कपडे वाळत घालताना गाठलं. "नानिसेताई, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे ना?"

"काय माहीत आहे?" मी म्हटलं. तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं मला.

ती रडायला लागली. "मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, ताई. ती काळे कपडे घालून माझ्या नवऱ्यासाठी देवाला हात जोडते आणि मी डोळे मिटून आमेन म्हणते."

"मग सांग की तिला."

"काय सांगू? तुझा गेला, आणि माझा आलाय तो पांघरूण घेऊन पडलाय? तो माझ्याशी पण बोलत नाही हो. भिंतीकडे तोंड करून असतो. मी ताट ठेवते आणि दार लावते. कुणाला हाक मारू?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. संध्याकाळी तिचं बोलणं चार घरी जाऊन सांगितलं, रडण्याच्या नकलेसकट.

पुढच्या बुधवारी लाइसानीने साकिउसाच्या आवडीचं आणलं होतं, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं. पातेलं झाकून तिने बाजूला ठेवलं आणि डोळे मिटले. या वेळी तिने वाळवंटाचं नाव काढलं नाही.

"देवा, मी भांडायला आले नाही," ती म्हणाली. "मला कोणाचं काही घ्यायचं नाही. माझा माणूस कसा गेला, एवढंच मला ऐकायचंय. तू तर काही सांगत नाहीस. मग ज्याला माहीत आहे त्याला बोलायचं बळ दे. मला आता थांबवत नाही रे."

कोणी आमेन म्हटलं नाही. फळीमागे खाट वाजली, पावलं वाजली, मग मागचं दार उघडल्याचा आवाज आला. वासितीने तोंडावर हात ठेवला.

"पळाला," मी म्हटलं. हळू म्हटलं, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढं.

आमच्या घरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या. मागच्या दाराने निघालं तर पुढे यायला सगळी रांग ओलांडून, टोकाला वळून, रस्त्याने चालत यावं लागतं, भर दुपारी, उघड्या दारांसमोरून. बाहेर पोरं खेळत होती, ती एकदम गप्प झाली. मग पुढचं दार वाजलं.

वासितीने उघडलं. उन्हात एपेली उभा होता. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. दोन्ही हातांत व्हेल माशाचा दात, लग्नात मिळालेला, पेटीत जपून ठेवलेला. आमच्यात मोठी चूक झाली की हा दात पुढे धरून क्षमा मागतात. समोरच्याने उचलला, तर प्रकरण मिटलं. खरं तर हे पुरुषांनी पुरुषांत करायचं असतं, पण लाइसानीच्या घरी पुरुष उरला होता कुठे?

तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेर बसला, दात पुढे ठेवला, मान द्यायला वाजवतात तशी हातांनी खोलगट टाळी वाजवली. हात अजून थरथरत होते.

"वहिनी, पहारा माझा होता," तो म्हणाला. "पोटात दुखतंय असं मी सांगितलं. दुखत नव्हतं. आदल्या दिवसापासून तोफा चालल्या होत्या, मला पहाऱ्याच्या मनोऱ्यावर चढायची भीती वाटत होती. साकिउसाला ते कळलं होतं. तू पड, मी जातो म्हणाला. चिडलासुद्धा नाही."

लाइसानीने दाताकडे पाहिलंच नाही. "जेवला होता?"

"काय?"

"वर जायच्या आधी तो जेवला होता का?"

"हो. मासा आणि पाव. अर्धं माझ्यासाठी झाकून ठेवलं. शिडीवरून त्याने मला हाक मारली, ये, जेवायला. मी उत्तर दिलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. मग आवाज झाला. मी वर पोचेपर्यंत तो गेला होता. जवळ कोणी नव्हतं, वहिनी. मी असायला हवा होतो."

वासिती भिंतीला टेकून खाली बसली. आम्ही सगळ्या चटईकडे बघत होतो. मी "पळाला" म्हटलेलं माझ्याच कानात वाजत होतं.

लाइसानीने आता दाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "दात आज मी उचलणार नाही. मला नाही जमणार. राहू दे तिथेच."

एपेलीने मान हलवली.

तिने पातेलं ओढलं, एका ताटात पानं वाढली, कसाव्याचा उकडलेला कंद ठेवला आणि ताट उंबऱ्याच्या आत मांडलं. मग शिडीवरून ओरडावं तसं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "एपेली, ये, जेवायला."

तो ढसाढसा रडला. रडत रडतच म्हणाला, "आलो." गुडघ्यांवर सरकत आत आला आणि जेवायला बसला. दार कोणी लावलं नाही.

मी हळूच उठले, वाकून सगळ्यांमधून वाट काढत बाहेर पडले. लाइसानीने मागून हाक मारली, "नानिसे, तू कुठे निघालीस? बस, जेव."

"जेवलेय, जेवलेय," मी मान खाली घालून म्हटलं. सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता.