त्या गाडीत बोलून उपयोग न्हाई

नर्मदाबाईंनी लँडमास्टरमध्ये बसणं सोडलं तेव्हा घरात भांडण झालं नव्हतं. "त्या गाडीत बोलून उपयोग न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पुढची दहा-अकरा वर्षं पिशवी उचलून एसटीच्या थांब्यावर जात राहिल्या. गाडी दारात धुऊनपुसून उभी असे. मसाजी किल्ली घेऊन तिच्या शेजारी उभे असत.

मसाजींनी त्या वाक्याचा सरळ अर्थ लावला. गाडी आवाज फार करते, बोललेलं ऐकू येत नाही. यात खोटंही काही नव्हतं.

हिंगोलीहून बदली होऊन निघालेल्या एका डॉक्टरांकडून मसाजींनी ती अडुसष्ट साली घेतली. त्यासाठी अर्धा कळप विकला. मेंढराला निदान लोकर तरी येते, असं गाव म्हणालं. पण तेव्हा तिच्यात तिचं मूळ पेट्रोलचं इंजिन होतं आणि ते इतकं हळू चालायचं की चालू आहे का बंद, हे बघायला मसाजी बॉनेटवर हात ठेवत. मग आखातात लढाई लागली, पेट्रोल परवडेनासं झालं, आणि सेनगाव तालुक्यातल्या इतर जुन्या गाड्यांसारखी हिच्यातही डिझेल इंजिनाची स्थापना झाली. त्यानंतर मागच्या सीटवरून "थांबा" म्हटलं तर पुढे "लांब आहे" असं ऐकू जाई. बसणारे दोन-तीनदा ओरडत आणि मग गप्प होत. मसाजी आरशात बघून मान हलवत आणि "व्हय" म्हणत. गाडी चालवताना एवढं पुरत असे.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात वसमतहून निरोप आला. थोरली लेक सीमा तिथे दिलेली होती. तिच्या धाकट्या दिरासाठी धाकटीला, सत्यशीलाला, मागणी आली होती. सत्यशीला नुकतीच बारावी झाली होती. बोलणी करायला दोघांनी यावं, असं व्याह्यांचं म्हणणं होतं. मसाजींनी मनाशी ठरवलं, या खेपेला बायको एसटीने उतरणार नाही. आपल्या शेजारी गाडीतून उतरेल.

मूळ इंजिन गोरेगावच्या किशनरावांकडे होतं. त्यांनी ते विहिरीवर बसवायला नेलं होतं. पेट्रोल महाग म्हणून रॉकेलवर चालवलं, ते तापून जाम झालं, आणि तेव्हापासून त्याला म्हैस बांधलेली होती.

"न्या की," किशनराव म्हणाले. "पन म्हैस कशाला बांधू? खुट्टा उपटून जाती ती. ह्याला बराबर राहती."

"माझं डिझेलचं आणून देतो. ते जड बी हाय."

किशनरावांनी म्हशीकडे पाहून होकार दिला. इंजिनाचं वरचं पत्र्याचं झाकण मात्र त्यांच्या बायकोकडे, जिवनबाईंकडे होतं. कोंबड्या त्यात पाणी पीत होत्या. मसाजींनी बाजारातून प्लास्टिकचं टोपलं आणून दिलं, तेव्हा ते सुटलं.

सेनगावात नेमसिंगचं गॅरेज होतं. तांड्यावरचा हा गडी परभणीला काम शिकून आलेला. हात बरा होता, तोंड त्याहून बरं. त्याने इंजिनाभोवती एक फेरी मारली.

"काका, म्हशीनं काईच बिघडवलं न्हाई. जे केलं ते रॉकेलनं केलं. म्या सांगू का? अँबॅसॅडरचं इंजन बसवू. दोन दिवसांत गाडी दारात. कोनाला कळतं?"

"तिला कळतं."

"गाडीला?"

"सीमाच्या मायला."

नेमसिंगने मग पाना उचलला.

पिस्टन सिलिंडरमध्ये इतके घट्ट बसले होते की आठवडाभर डिझेल ओतून ठेवावं लागलं, आणि मग लाकडी ठोकळा ठेवून हातोड्याने खाली उतरवावे लागले. एक तुटूनच निघाला. ब्लॉक नांदेडला नेऊन त्याच्या सिलिंडरांत नव्या स्लीव्ह, म्हणजे आतली नळकांडी, घातल्या. क्रँक घासून घेतला. त्या मापाचे पिस्टन नांदेडला मिळाले नाहीत, परभणीला मिळाले नाहीत, हैदराबादला भंगाराच्या बाजारात मिळाले. मसाजी स्वतः जाऊन घेऊन आले आणि परतीच्या गाडीत ते मांडीवर धरून बसले. शेजारच्या बाईने विचारलं, लेकराला काय झालं? कापडात गुंडाळलेले होते.

इंजिन चढवलं त्या दिवशी सेनगावातली चार रिकामी माणसं गॅरेजसमोर जमली. दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धूर टाकला, आणि मग काही ऐकू येईना.

"बंद पडलं," एक जण म्हणाला.

मसाजींनी बॉनेटवर हात ठेवला. चालू होतं.

त्यांनी नेमसिंगला मागे बसवलं, स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि समोर बघत हळू आवाजात काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणलं म्या?"

"तुमी म्हणलात, नेमसिंग लई बोलतो."

"बराबर," मसाजी म्हणाले. काम पास झालं होतं.

वसमतला निघायच्या दिवशी नर्मदाबाई पिशवी घेऊन दाराबाहेर आल्या. गाडी चालू होती. त्या जवळ आल्या, बॉनेटकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"तिचंच हाय?"

"तिचंच."

त्या पुढच्या सीटवर बसल्या. हिंगोली गेली तरी कोणी बोललं नाही. मसाजींची त्याला हरकत नव्हती. पाहिजे तेव्हा बोलता येत होतं, हे बास होतं. औंढ्याच्या अलीकडे चढ लागला तेव्हा नर्मदाबाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "सत्यशीलाचा डी.एड.ला नंबर लागून राहिला. तिला शिकू द्यायचं. सोयरिक त्याच्या मागून. व्हय ना?"

"व्हय," मसाजी म्हणाले. सवयीने आलं ते. आल्यावर त्यांना ऐकू आलं.

"ऐकू आलं का?"

"आलं."

"सीमाच्या बारीला बी तुमी व्हयच म्हणले होते."

मसाजींनी गाडी कडेला घेतली.

"वसमतहून येताना," नर्मदाबाई पुढे म्हणाल्या. "म्या म्हणलं, पोरगी अकरावीत हाय, बारावी होऊ द्या, मंग बघू. तुमी आरशात बघून व्हय म्हणले. म्या घरी येऊन पोरीला सांगितलं, तुह्या बापानं शब्द दिला. पंधरा दिवसांत तुमी सुपारी फोडली."

"मला काई ऐकू आलं न्हवतं."

"मंग व्हय काहून म्हणले?"

मसाजींनी बराच विचार केला. "त्या गाडीत समद्यालाच व्हय म्हणत होतो."

नर्मदाबाईंनी हे पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी पदराने कपाळ पुसलं. दहा-अकरा वर्षं ज्या गोष्टीला त्या शब्द मोडणं समजत होत्या, ती एवढीशीच निघाली. त्यामुळे राग गेला की वाढला, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मसाजींना कळेना. इंजिन चालू होतं. त्याचा काही आधार नव्हता. पूर्वी अशा वेळी निदान आवाज असायचा.

"आन आत्ताचं व्हय?" नर्मदाबाईंनी विचारलं. "ते कोन्त्या गाडीतलं?"

"ह्या."

"मंग वसमतला कशाला चाललो?"

पुढे गेलं की व्याह्यांसमोर आपल्याच्याने नाही म्हणवणार नाही, हे मसाजींना ठाऊक होतं. तिथे बैठकीत चार माणसं असणार, चहा येणार, आणि त्यांची मान आपोआप हलणार. त्यांनी गाडी वळवली.

"व्याह्यांला काय सांगू?"

"गाडी बंद पडली म्हणा."

मसाजींनी बॉनेटकडे पाहिलं. हैदराबादहून मांडीवर आणलेले पिस्टन त्यांना आठवले.

"दुसरं काई सांगता येत न्हाई का?"

"येतं की. पोरीला शिकू द्यायचंय म्हणून सांगा. खरं ते."

मसाजींनी हिंगोलीला परत येऊन फोन केला. गाडी बंद पडली, म्हणाले. आणि व्याह्यांनी नवा दिवस विचारला तेव्हा घसा साफ करून पुढचंही सांगितलं, की पोरगी डी.एड.ला जाणार आहे, तोवर थांबणं होत असेल तर बघा, नाहीतर राग नाही. नर्मदाबाई बूथच्या दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या.

बातमी त्यांच्या आधी सेनगावला पोचली. लँडमास्टर बसस्टँडजवळ आली तर नेमसिंग तेलकट हातांनी रस्त्यातच आडवा आला.

"कोन म्हणतं माझं इंजन बंद पडलं? काका, सांगा ह्यांला! पडलं का बंद?"

पानटपरीवरची माणसं बघत होती. मसाजींनी शेजारी पाहिलं. नर्मदाबाई समोर बघत होत्या.

"व्हय," मसाजी म्हणाले. "पडलं बंद."

नेमसिंगने बॉनेटवर हात ठेवला आणि तोंड उघडं टाकून तसाच उभा राहिला.

"चला," नर्मदाबाई म्हणाल्या. त्यांना ओरडावं लागलं नाही.