पक्ष बदललेला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. हातात धरून बोलायचा, पोटात सहा सेल मावणारा. माझ्या अंगावर रंगाचे दोन थर आहेत. वरचा माझ्या दुसऱ्या पक्षाचा आणि खालचा पहिल्याचा. खालचा अजून कुठे कुठे डोकावतो, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

कारखान्यातून मी थेट पहिल्या पक्षाच्या कार्यालयात आलो. तिथल्या अध्यक्षबाईंनी मला एका तरुण शिंप्याच्या हाती दिले. चार माणसांत तोंड उघडायचे म्हटले की त्याला घाम फुटायचा. बाईंनी त्याला रिकाम्या खुर्च्यांपुढे उभे केले आणि रोज बोलायला लावले. हळूहळू तो असा तयार झाला, की त्याच्या घोषणेने गल्लीच्या पार टोकाच्या खिडक्या उघडत. तरुण शिंप्याचे शिंपीकाका झाले, तरी वीस वर्षे आम्ही दोघे एकच नाव गर्जत राहिलो. फार सुखाचे दिवस होते ते.

नगरपालिकेच्या गेल्या निवडणुकीत काका माझ्यातून दारोदार सांगत फिरले, "आपला दवाखाना इथून हलणार नाही. माझा शब्द आहे." त्यांची म्हातारी आई रोज काठी टेकत त्याच दवाखान्यात पायाची जखम बांधून घ्यायला जाई. पक्ष निवडून आला, बाईही नगरसेविका झाल्या, आणि महिनाभरात पक्षानेच दवाखाना गावाबाहेर न्यायचा ठराव मांडला.

"तिथवर मला कोण नेणार रे?" आईने विचारले.

काकांनी आठवडाभर बाईंची मनधरणी केली. पक्षाचा निर्णय झालाय, एवढेच त्या म्हणत राहिल्या. शेवटी काका राजीनामा आणि मला घेऊन कार्यालयात गेले. बाईंनी राजीनामा घेतला.

"भोंगा ठेव तुझ्याकडेच," त्या म्हणाल्या. "इथे कपाटात गंजून जाईल."

काका आपल्याकडे आले तर दवाखान्याच्या बाजूने मत देऊ, असे दुसऱ्या पक्षाने कबूल केले होते. पक्षप्रवेशाची सभा नेमकी जुन्या कार्यालयासमोर भरली. काकांनी मला तोंडाशी धरले, छाती भरून श्वास घेतला आणि वीस वर्षांच्या सवयीने जुन्याच पक्षाचा जयजयकार केला. मंडपात कुजबुज सुरू झाली. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे वाटले.

नव्या पक्षाच्या सचिवाने काकांच्या कानाशी लागून म्हटले, "त्यांना चार शिव्या घाला, म्हणजे सावरून जाईल."

काकांनी मला पुन्हा तोंडाशी धरले. या सभेत बिनसले, तर दवाखाना गेलाच.

"चुकलो," ते माझ्यातून म्हणाले. "सवय आहे. मला बोलायला त्या पक्षानं शिकवलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही. मी दवाखान्यासाठी आलोय, त्यांना शिव्या द्यायला नाही. चालत नसेल तर सांगा, खाली उतरतो."

नव्या पक्षाचे वयोवृद्ध पुढारी हसले. "बसा हो. उद्या आम्हाला सोडलंत, तर आमच्याबद्दलही असंच बोला म्हणजे झालं."

रस्त्यापलीकडे बाई दारात उभ्या राहून सगळे ऐकत होत्या.

मित्रांनो, आता माझा आवाज घोगरा झाला आहे, पण दोन्ही घरांनी मला जपले, याबद्दल मी कृतज्ञ आहे. तुम्हालाही कधीतरी एखादी शाळा, एखादा संघ सोडावा लागेल. खुशाल सोडा. पण जिथे बोलायला शिकलात, त्या जागेविषयी वाईट बोलायला माझ्यासारख्या मुक्या वस्तूला वापरू नका.

आणि हो, दवाखाना राहिला. ठराव एका मताने पडला. जुन्या पक्षाच्या बाकांवरून ठरावाविरुद्ध एकच हात वर गेला होता, आणि तो अध्यक्षबाईंचा होता.