रिकामी बाटली

टेबलावर नऊ गोळ्या होत्या. औषधं देणाऱ्या ताईंनी त्या पट्टीनं दोन-दोन करून सरकवल्या, तरी नऊच भरल्या. महिन्याच्या बाटलीत एकही उरायला नको होती.

"नऊ दिवस चुकवलेत, काका!"

शिंपीकाका ओशाळून हसले. "गोळी घेतली की सुईला दोन नेढी दिसतात हो ताई. एकाची बाही दुसऱ्याच्या सदऱ्याला लागायची."

रांगेत हशा पिकला. ताईंचा पारा चढला. "सबबी नकोत. पुढच्या वेळी बाटली रिकामी दिसली पाहिजे."

पुढच्या वेळी ती रिकामी दिसली, आणि तशीच वर्षभर दर महिन्याला. ताई रकान्यात 'शंभर टक्के' लिहीत गेल्या. रक्तातले एचआयव्हीचे विषाणू मोजायची तपासणी महागडी, आणि दवाखान्याच्या वाट्याला अशा तपासण्या मोजक्याच यायच्या. ज्यांची बाटली चोख, त्यांची तपासणी पुढे ढकलायची, ही युक्ती ताईंचीच. काकांची त्यांनी दोनदा ढकलली होती.

अखेर अहवाल आला. एका मिलिलिटरमध्ये बेचाळीस हजार. हजाराच्या आत हवे होते.

"अहो, पण बाटली तर रिकामी असायची!"

"तुम्हीच म्हणालात ना, रिकामी आणा. उरलेल्या मी येताना मोरीत सोडायचो."

सुईचं काकांनी तेव्हाच सांगितलं होतं. 'झोपताना घ्या', एवढे दोन शब्द पुरले असते.

"झोपताना का नाही घेत?" ताईंनी आता विचारलं.

"घरी सूनबाई बाटलीवरचं वाचेल. म्हणून सकाळी दुकानात घ्यायचो."

ताईंनी नव्या बाटलीतल्या गोळ्या चिठ्ठी नसलेल्या एका कोऱ्या डबीत ओतल्या. "आता झोपतानाच घ्या. तीन महिन्यांनी पुन्हा मोजू. हजाराच्या आत आले नाहीत, तर दुसरं औषध लागेल. ते इथं मिळत नाही. दर महिन्याला दोन दिवसांचा प्रवास."

"म्हणजे दुकानाला टाळंच की."

"उरतील तेवढ्या घेऊन या. मी ओरडणार नाही."

"जमेल तुम्हाला?" काकांनी विचारलं. ताईंना हसू आलं नाही.

काका गेल्यावर त्यांनी वही उघडली. काकांचे बाराही 'शंभर टक्के' खोडून तिथं 'माहीत नाही' लिहिलं. मग बोट खाली फिरवलं. तपासणी ढकललेले आणखी एकतीस जण होते. त्या सगळ्यांची नावं त्यांनी तपासणीच्या यादीत घातली आणि कारणाच्या जागी लिहिलं, 'माझी चूक'.

तीन महिन्यांनी काकांनी टेबलावर डबी उपडी केली. दोन गोळ्या निघाल्या. ताईंनी वहीत दोन लिहिलं.

आठवड्यानं अहवाल आला: एका मिलिलिटरमध्ये सहाशे चाळीस.