चुन्याने धरलेला वायू

या, जरा जवळ सरकून बसा. कीर्तनाला अजून वेळ आहे, तोवर बेसा गावात सत्त्याहत्तर साली घडलेली गोष्ट सांगतो.

गोपिकाबाईने अंगणात गोबरगॅस बसवला होता. त्यावर चहा व्हायचा, पण मोठ्या पातेल्याखाली ज्योत विझू विझू करायची. तरी सप्ताहाच्या काल्याचा भात त्यावरच शिजवीन, असं ती देवळात बोलून गेली. देवराव पंच हसले. "शिजला तर पंगत मी वाढतो वं. नाही शिजला तर तो खड्डा बुजवजो."

गोपिकाबाईला शाळेतला प्रयोग आठवला. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याची निवळी धरून ठेवते आणि दुधाळ होते. शेणाच्या गॅसमध्ये तोच वायू मिसळून ज्योत मंद करतो. तिने गॅसची नळी निवळीच्या ड्रममधून फिरवली आणि दाब वाढावा म्हणून टाकीवर दगड ठेवले.

"काहून वं, गॅसले आंघोळ घालून राहिली?" देवरावांनी विचारलं.

"देवाच्या कामाले चालला, भाऊजी. धुवून नको पाठवू?"

निवळी पांढरी झाली आणि चुलीवर ज्योत निळी, ताठ उभी राहिली. भातावरचं झाकण थडथडू लागलं. देवरावांनी कमरेला उपरणं बांधून सगळी पंगत वाढली, आणि हरिनामाचा गजरही स्वतःच उचलला.

ड्रमच्या तळाशी बसलेल्या पांढऱ्या गाळात डिंक घालून बाईने देवळाची भिंत रंगवली. पकडलेला वायू चुन्याशी एकजीव होऊन त्या रंगातच आहे. त्या भिंतीला टेकून बसाल, तेव्हा गोपिकाबाईची आठवण ठेवा.