पिवळा पट्टा

ठिणगीला पिवळ्या रंगाचं वावडं आहे, असं कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीच्या मैदानावरचे सगळे चेष्टेने म्हणत. बाकी कुठल्याही अडथळ्याला तिची ना नव्हती. आडव्या काठ्यांवरून उड्या, कापडी बोगद्यातून पलीकडे, ओळीने रोवलेल्या खांबांमधून नागमोडी पळणं, सगळं कसं डाव्या हाताचा मळ. घोडं पेंड खायचं ते फक्त छपरावर. छप्पर म्हणजे दोन रुंद फळ्या एकमेकींना टेकवून केलेला उंच त्रिकोण. एका बाजूने कुत्र्याने चढायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं आणि उतरताना तळाशी रंगवलेल्या पिवळ्या पट्ट्यावर निदान एक तरी पाय टेकवायचाच. नियम कुत्र्याच्याच भल्याचा; वरून झेप घेतली तर खांद्याची वाट लागते. पण भल्याचं सांगितलेलं पटतं कुणाला? माथ्यावर पोचली रे पोचली की ठिणगीला खालचं गवत दिसायचं आणि ती थेट त्यावर उडी ठोकायची. पंचाचा हात वर. झाली धाव बाद.

तिची मालकीण चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. या कामाने बाईची नजर इतकी चिकित्सक झाली होती की परक्याच्या घरातली तसबीर जराशी कललेली दिसली तरी तिचे हात शिवशिवायचे. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, या कुत्रीबरोबर बिनडाग धाव पळायची एवढाच तिचा हट्ट होता. चषक नको, पहिला नंबर नको. त्यासाठी नवऱ्याने परसात जुनी फळी तिरकी लावून दिली होती, खालचा भाग स्वतः पिवळा रंगवला होता. रोज संध्याकाळी त्या पिवळ्यावर उकडलेल्या अंड्याचा तुकडा ठेवायचा आणि ठिणगीची मनधरणी करायची. घरच्या फळीवर बाईसाहेब अगदी शहाण्यासारख्या उतरत. मैदानात गेल्या की पहिले पाढे पंचावन्न.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस मोठा मायाळू, पण रडणारं तोंड त्याला बघवत नसे. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की हा बाहेरून आवाज द्यायचा, "दोन मिनिटांत काढतो हं!" मग भले तासभर लागो. "आत अडकलेल्या माणसाला खरं सांगायचं नसतं," असं तो नव्या कारागिरांना शिकवायचा. बायको हे पाहुण्यांना हसत हसत सांगायची. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

मागच्या हिवाळ्यात ठिणगीच्या जबड्याखाली गाठी आल्या. डॉक्टरीणबाईंनी सुईने पाणी काढून तपासलं आणि सांगितलं, गाठींचा कॅन्सर आहे. बरा होत नाही, पण लांबवता येतो. मग सुरू झाली इंजेक्शनं, गोळ्या, स्टिरॉइड, रक्ताच्या तपासण्या. बाई हातमोजे घालून गोळ्या द्यायची, ओकारी पुसायची, दुकानात जाऊन परत काचा घासायची. नवऱ्यानेही कुठे कमी केलं नाही. कामावर जायच्या आधी तो ठिणगीला उचलून अंगणात न्यायचा. आणि औषधाने गुण आला. गाठी विरघळल्या. स्टिरॉइड बंद झालं, शेपटी पुन्हा हलायला लागली, आणि एक दिवस ती आपणहून परसातल्या फळीवर जाऊन अंड्याची वाट बघत बसली.

"पळू दे की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काठ्या खाली ठेवलेल्या गटात, थोडंसं. तिला आवडतं ना? पण पुन्हा स्टिरॉइड द्यावं लागलं तर मात्र विसरा."

ते वेगळं सांगायची गरज नव्हती. अंगात स्टिरॉइड असलेल्या कुत्र्याला मैदानात उतरता येत नाही, हा नियम मैदानावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाईने नाव नोंदवलं. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात पोटाची सोनोग्राफी झाली, यकृतातून नमुना घेतला गेला. रुटीन आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

स्पर्धेच्या आठवड्यात ठिणगी वाटीत अन्न तसंच सोडू लागली. धापाही टाकायची. बाई दिवसातून दहादा तिच्या जबड्याखाली बोटं घालून चाचपायची; गाठ नव्हती. तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

"रिपोर्ट आला का रे?" ती रोज विचारायची. दवाखान्याचा फोन तिच्याच नंबरवर यायचा, पण सराव असला की ती फोन घरीच ठेवून जाई.

"नाही अजून. लॅबवाल्यांचं मशीन बिघडलंय म्हणे," नवरा म्हणायचा. "आणि ऊन किती आहे बघ. मलाच जेवण जात नाही, तिचं काय घेऊन बसलीस!"

त्यावर तो दोन घास जास्तच जेवायचा, हे खरं तर तिच्या लक्षात यायला हवं होतं. पण आपल्या माणसाच्या ताटात कोण डोकावतं?

स्पर्धेच्या दिवशी मैदानावर काहीतरी वेगळं होतं. सगळेच फार गोड वागत होते. शिकवणाऱ्या मास्तरांनी, जे एरवी "ताई, हात कुठे, पाय कुठे!" म्हणून ओरडत, आज तिला बसायला खुर्ची दिली. जिच्याशी गेल्या वर्षी भांडण झालं होतं ती बाईसुद्धा येऊन ठिणगीचे कान कुरवाळून गेली, डोळे पुसत. बाईला वाटलं, आजारातून उठलेल्या कुत्रीचं कौतुक आहे. तिलाही भरून आलं. नवरा दोरीपाशी उभा राहून सगळ्यांशी हळू आवाजात बोलत होता.

पंच होते काटा. खरं नाव कुणी घेत नसे. सोनाराच्या काट्यासारखा चोख माणूस म्हणून काटा. स्वतःच्या मुलीच्या कुत्र्याला त्यांनी अंतिम फेरीत बाद केलं होतं आणि मुलगी वर्षभर त्यांच्याशी बोलत नव्हती, तरी त्यांना कधी त्याचं वाईट वाटल्याचं ऐकिवात नव्हतं.

ठिणगीला तिने आरंभाच्या रेषेवर बसवलं, पुढे चालत गेली, वळून हाक दिली. आणि कुत्री सुटली. पूर्वीचा वेग नव्हता, पण मन होतं. काठ्या, बोगदा, खांब, सगळं साफ. छपरावर चढताना तिचे मागचे पाय जरा ओढले गेले. माथ्यावर ती थांबली. बाई खाली वाकून, पिवळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "ये बाळा, हळू." ठिणगीने तिच्याकडे बघितलं, गवताकडे बघितलं आणि मारली उडी.

पिवळ्याला नखही लागलं नाही. हातभर अंतरावरून बाईने बघितलं. तिला हसू आलं, जित्याची खोड! सवयीने तिने काटांकडे पाहिलं. हात वर आला नव्हता. काटा समोरच उभे होते, डोळे नेमके छपरावर, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधलेले.

शेवटच्या काठीवरून ठिणगी पार झाली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. कर्ण्यावरून कुणीतरी ओरडलं, "बिनडाग धाव!" फीत घेऊन मास्तर धावत आले. बाईने ती हातात घेतली नाही. ती सरळ काटांसमोर जाऊन उभी राहिली.

"पाय लागला नाही, सर."

"लागला, बाई."

"मी बघितलं ना. तुम्हीही बघितलंत."

"पंच मी आहे," काटा म्हणाले. पण हे म्हणताना ते स्वतःच्या बुटांकडे बघत होते, आणि ज्या माणसाने पोटच्या पोरीची गय केली नाही तो बुटांकडे बघतोय म्हटल्यावर बाईच्या पायाखालची वाळू सरकली.

"राहू द्या ना ताई," मागून मास्तर म्हणाले. "शेवटची धाव आहे तिची. घ्या ती फीत."

"शेवटची? कोण म्हणालं शेवटची?"

मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी तिच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. तिनेही मागे वळून पाहिलं. दोरीपाशी नवरा उभा होता. त्याचा चेहरा बघून तिला सगळं समजलं. पुढचं विचारलं ते केवळ त्याच्या तोंडून ऐकायचं म्हणून.

"रिपोर्ट आलाय."

"अगं, घरी गेल्यावर..."

"कधी आला?"

"सोमवारी. तू सरावाला गेली होतीस. तुझा फोन वाजला, मी घेतला." त्याने हात जोडल्यासारखे केले. "यकृतात पसरलाय. त्यांना लगेच स्टिरॉइड सुरू करायचं होतं. मग तू पळाली नसतीस. इतकी वर्षं तू... तुझा एक दिवस तरी चांगला जावा, म्हणून."

"आणि हे सगळे?"

"मास्तरांना सांगितलं होतं फक्त."

फक्त! मैदानावरच्या लिंबूसरबतवाल्यालाही माहीत होतं. एकट्या तिलाच माहीत नव्हतं, आणि तीच मधोमध उभी राहून पोट दुखणाऱ्या कुत्रीला पळवत होती, आणि सगळे कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती. लाजेच्या मागोमाग राग आला.

"मी काय लिफ्टमध्ये अडकले होते?" ती म्हणाली.

ठिणगी दोघांच्या मध्ये बसून, जीभ बाहेर काढून, आळीपाळीने दोघांकडे बघत होती. तिला वाटत होतं आता अंडं मिळणार.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच बाई दारात हजर. डॉक्टरीणबाईंनी ठिणगीचं पोट हळूच दाबून बघितलं, तोंड उघडून हिरड्या बघितल्या. "आज सुरू करू या मग," त्या म्हणाल्या. "स्पर्धा झाली ना छान?"

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. "सांगितलं की. तुमच्या मिस्टरांनी परत फोन केला होता, तुम्ही रविवारपर्यंत थांबायचं ठरवलंय म्हणून. मला पटलं नव्हतं, खरं सांगते. पण म्हटलं, कुत्री तुमची, निर्णय तुमचा."

म्हणजे नुसतं लपवलं नव्हतं. तिच्या तोंडी वाक्य घातलं होतं. आठवडाभर या डॉक्टरीणबाईंच्या मनात ती एका फितीपायी आजारी जनावराचं औषध अडवणारी बाई होती.

"त्या आठवड्याने काही फरक पडला असता?" तिने विचारलं.

"आयुष्यात फार नाही, कदाचित. पण दुखलं कमी असतं. खाल्लं असतं तिने."

बाईने मान हलवली. खोटं बोलल्या नाहीत म्हणून तिला त्या क्षणी डॉक्टरीणबाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

पुढचे दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. गोळी दिली का? दिली. पाणी प्यायली? थोडं. नवरा जिवाचं रान करत होता. ठिणगीला कोंबडीचं काळीज तेवढं गोड लागतं म्हणून रोज परतताना तेच आणायचा, स्वतः उकडायचा, फुंकून भरवायचा. त्याने माफीही मागितली, एकदा नव्हे, अनेकदा. पण त्याच्या प्रत्येक वाक्याकडे ती आता काचेकडे बघावं तसं बघायची, उजेडात धरून, चरा शोधत. "आज बरी वाटतेय," तो म्हणाला की ती उठून स्वतः बघून यायची. "लवकर येतो," म्हणाला तरी तिला वाटायचं, कशावरून? केसाने गळा कापला होता त्याने. शत्रूने कापला असता तर निदान सावध तरी राहिली असती.

एका संध्याकाळी ठिणगी परसातल्या फळीवर चढली. चढली म्हणजे कशीबशी. माथ्यावर उभी राहिली आणि मग एकेक पाय टाकत खाली आली. उडी मारायची ताकदच उरली नव्हती. पुढचे दोन पाय पिवळ्यावर, मग मागचे दोन. चारही. तिथेच ती बसली.

"बघ, बघ! लागला!" नवरा आनंदाने ओरडला.

बाईने अंड्याचा तुकडा ठिणगीच्या तोंडाशी धरला. ती नुसती हुंगत राहिली.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी, नवरा कामावर गेल्यावर, ठिणगी उठलीच नाही. डोळे उघडे, श्वास जड, हिरड्या पांढऱ्याफटक. डॉक्टरीणबाईंनी फोनवर ऐकून घेतलं. "घेऊन या," एवढंच म्हणाल्या, आणि त्या आवाजावरून बाईला कळलं.

तिने नवऱ्याचा नंबर काढला. अंगठा त्याच्यावर ठेवला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला असला तरी तो हातातलं काम टाकून आला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ठिणगी त्याचीही होती. तिने फोन पालथा ठेवला आणि ठिणगीला चादरीत गुंडाळून उचललं.

दवाखान्यात तिने ठिणगीचं डोकं मांडीवर घेतलं. "ये बाळा, हळू," म्हणाली. सुई टोचल्याचंही तिला समजलं नसावं.

संध्याकाळी नेहमीच्या वेळी दार वाजलं. नवऱ्याने नेहमीसारखी शीळ घातली, हातात काळजाची पिशवी. आतून नखांचा आवाज आला नाही. त्याने कोपऱ्यातल्या अंथरुणाकडे बघितलं. ते घडी घालून ठेवलेलं होतं.

"कुठाय ती?"

"सकाळी गेली," बाई म्हणाली. "मी होते जवळ."

"सकाळी?" त्याने पुन्हा अंथरुणाकडे बघितलं. "अगं, मग मला फोन... मी आलो असतो ना! मला बघायचं होतं तिला. का नाही केलास?"

हे वाक्य ती दिवसभर मनात घोळवत होती. ते बोलल्यावर बरं वाटेल, निदान फिटंफाट झाल्यासारखं तरी, असं तिला वाटलं होतं.

"तुझा एक दिवस तरी चांगला जावा, म्हणून," ती म्हणाली.

बरं वाटलं नाही. तो पिशवी धरून दारातच उभा राहिला. दोन मिनिटांत आत येईल, असं तिला वाटलं. बाहेर अंधार पडला तरी तो तिथेच होता.