डिस्कने जागा सोडली

जयसिंगरावांची ट्रान्सपोर्ट कंपनी स्नेहलतागंजात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. माळव्यातलं सोयाबीन घेऊन त्यांचे ट्रक मानपूरचा घाट उतरून बंबईच्या बंदराकडे जायचे. त्र्याण्णव साली ऑक्टोबरात हंगाम असा पेटला होता की ऑफिसच्या जिन्यातही ड्रायव्हर उभे असत. बिल्टी, म्हणजे मालासोबतची पावती, हातात पडल्याशिवाय एकही गाडी हलत नसे, आणि बिल्टी दोन वर्षांपासून कॉम्प्युटरवर निघत होती. आतल्या थंड खोलीत एक युनिक्सचा सर्व्हर, बाहेरच्या हॉलमध्ये त्याला जोडलेले टर्मिनल.

ती सगळी यंत्रणा चारुलता सांभाळायची. वडील रेल्वेत गार्ड, ती स्वतः फिजिक्सची एम.एस्सी. कॉलेजात शिकवण्याची नोकरी मिळत असताना ती इथे आली, कारण सर्व्हर तिला मनापासून आवडला होता. आपल्याला काम येतं हे तिला माहीत होतं आणि ते लपवायची तिला गरज वाटत नसे.

त्या सकाळी मंजिरी, हॉलमधली सगळ्यात जलद ऑपरेटर, जागेवरूनच ओरडली, "चारुलताजी, माझी बिल्टी सेव्ह नाही होत आहे!"

लगेच शेजारचीही म्हणाली, "माझी पण नाही!" मग सगळ्याच. स्क्रीनवर एकच ओळ होती : डिस्कवर जागा शिल्लक नाही.

चारुलता आतल्या खोलीत धावली. कमांड दिली, उत्तर आलं : शंभर टक्के भरलेली. तिला धक्काच बसला. गेल्या आठवड्यात तर पुष्कळ जागा मोकळी होती.

खाली हॉर्न सुरू झाले. जयसिंगरावांचा पुतण्या उदयसिंह वर आला. गाड्यांची सगळी व्यवस्था तो बघायचा. माणूस दिलदार, पण डोकं लवकर तापायचं.

"गाड्या चौकापर्यंत लागल्यात. क्या चल रहा है इधर?"

"डिस्क भरली, भिया. का भरली ते बघते आहे."

मशीन विकणाऱ्या कंपनीचा इंजिनियर भोपाळला होता. त्याने फोनवर सांगितलं की परवा येतो, तोपर्यंत मागच्या वर्षीच्या बिल्ट्या पुसून टाका. जयसिंगराव केबिनमधून बाहेर आले होते. त्यांनी मान डोलावली.

"पुसा मग. जुना माल आहे, काय करायचाय?"

"नाही, काकासाहेब," चारुलता म्हणाली.

टर्मिनलवरच्या माना वर झाल्या. जयसिंगरावांना ऑफिसात कुणी 'नाही' म्हणत नसे.

"टेपवरची कॉपी नीट वाचता येते की नाही, हे अजून तपासलेलं नाही. आज पुसलं आणि टेप खराब निघाली, तर ते वर्ष कायमचं गेलं. शिवाय जी जागा होईल ती पुन्हा भरेल. कोण खातंय ते आधी कळायला हवं. मला थोडा वेळ द्या."

"बाहेर ड्रायव्हर मला खातील, त्याचं काय?" जयसिंगराव म्हणाले. ती आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. जयसिंगरावांनी एकदा खिडकीतून खाली बघितलं. "बरं. पण लवकर."

तिने एकेका फोल्डरचा आकार काढला, मग सगळ्यांची बेरीज केली आणि चक्रावली. डिस्क म्हणत होती, पूर्ण भरलेली. फायलींची बेरीज म्हणत होती, एक चतुर्थांश रिकामी. दोन्ही खरं कसं असेल? बेरीज पुन्हा केली. तेच आलं. म्हणजे डिस्कवर असं काहीतरी होतं, जे जागा अडवत होतं पण कोणत्याही फोल्डरमध्ये दिसत नव्हतं.

तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं. ती हॉलमध्ये आली.

"गेल्या दोन-चार दिवसांत कुणी एखादी मोठी फाईल पुसली का?"

 मंजिरीने चोरून उदयसिंहाकडे बघितलं. मग उदयसिंह सगळ्यांसमोर म्हणाला, "मी पुसली. मानपूरच्या काट्याची."

मानपूरला कंपनीचा धर्मकाटा होता. तिथे घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येक ट्रकचं वजन झालं की आकडा फोनच्या लाइनीवरून इथे यायचा, आणि इथला एक प्रोग्राम तो अखंड लिहून घ्यायचा.

"काल डिस्क भरत आलेली दिसली. सगळ्यात मोठी तीच होती," तो म्हणाला. "वाटलं जागा होईल. नाही झाली. मग बोललोच नाही. माझी गलती."

त्याला वाटलं, आता ही बरसणार. पण चारुलताचा चेहरा उजळला होता.

"भिया, सापडलं! तुम्ही दारावरची नावाची पाटी काढलीत, भाडेकरू आतच बसलाय. काट्याच्या प्रोग्रामने ती फाईल उघडून धरली आहे. नाव गेलं तरी तो तिच्यात लिहितोच आहे. प्रोग्राम बंद केला की सगळी जागा सुटेल."

"तो कर ना बंद!"

"आधीची वजनं हिशोबात गेली आहेत, पण सकाळपासूनची त्याच्याच पोटात आहेत. डिस्क भरल्यामुळे पुढे गेलेली नाहीत. बंद केला की तीही जातील."

 उदयसिंहानेच फोन उचलला. मानपूरला संताजी काटा सांभाळायचा, जयसिंगरावांकडचा जुना माणूस.

"संताजी, काटा थांबव. एकही गाडी चढवू नको. आज सकाळपासून जेवढ्यांचं वजन केलंस त्यांच्या चिठ्ठ्या आहेत ना तुझ्याकडे? वाच. सावकाश वाच."

पलीकडून संताजीचा खणखणीत आवाज येऊ लागला. उदयसिंह गाडीनंबर आणि वजन मोठ्याने म्हणायचा, मंजिरी पेन्सिलने लिहायची. मध्येच जिन्यातला एक सरदारजी ड्रायव्हर ओरडला, "ओ जी, ये तो मेरी गड्डी है!" आणि सगळे हसले. दारात उभे असलेले जयसिंगरावही हसले.

शेवटचं वजन उतरलं. चारुलताने प्रोग्राम बंद केला आणि जागा विचारली. बोट कीबोर्डवरच राहिलं.

चौऱ्याहत्तर टक्के.

"मंजिरी, आता कर सेव्ह!"

मंजिरीने बटण दाबलं. स्क्रीन हलली. कोपऱ्यातला प्रिंटर करकरत सुरू झाला आणि बिल्टीचा कागद पुढे सरकला. मंजिरीने टाळी वाजवली, मग सगळा हॉलच वाजवू लागला. जिन्यातल्या ड्रायव्हरांना काय झालं ते नीट कळलं नसावं, पण टाळ्या त्यांनीही वाजवल्या. चारुलताने काट्याचा प्रोग्राम नव्याने सुरू केला, उतरवलेली वजनं स्वतः भरली आणि मग कुठे खुर्चीला पाठ टेकली. तिला रडू येईल असं वाटलं, आणि आलं हसू.

दुपारपर्यंत रस्ता मोकळा झाला. जयसिंगरावांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"आज मी तुम्हाला पुसायला लावलंच असतं. यापुढे त्या मशीनवर काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे तुम्ही ठरवा. आम्हालाही विचारू नका."

"विचारणार नाही," ती म्हणाली. "पण उदयभियांना सोबत घेणार. गाड्या कधी वाढणार ते मला कळत नाही, त्यांना कळतं."

तिने आणि उदयसिंहाने मिळून बेत ठरवला. डिस्क किती भरली हे सर्व्हर दर तासाला स्वतःच मोजायचा, आणि ठरवलेली हद्द ओलांडली की दोघांच्या स्क्रीनवर सूचना द्यायचा. काट्याची जुनी वजनं आधी टेपवर जायची, टेप वाचून बघितली जायची, मगच डिस्कवरून निघायची. मागच्या वर्षीच्या टेपा तपासल्या तेव्हा एक खरंच खराब निघाली. चारुलताने ती जयसिंगरावांच्या टेबलावर ठेवली आणि परत येऊन कामाला लागली.

दिवाळीच्या तोंडावर हंगामातला सगळ्यात जड दिवस उगवला. इतक्या गाड्या आजवर एका दिवसात निघाल्या नव्हत्या. भर दुपारी चारुलताच्या स्क्रीनवर सूचना आली. तिने वर बघितलं, तर उदयसिंह आपल्या टर्मिनलवरून आधीच तिच्याकडे बघत होता.

"काट्याची टेप तयार आहे," ती म्हणाली. "मानपूर?"

"अभी बोलता हूँ."

संताजीने चहा पिण्याएवढा वेळ काटा थांबवला. चारुलताने वजनं टेपवर घेतली, वाचून बघितली, प्रोग्राम नीट बंद करून जुनी फाईल पुसली आणि तो पुन्हा सुरू केला. आकडा खाली आला. हॉलमध्ये मंजिरीची बोटं एकदाही थांबली नव्हती. प्रिंटर करकरत होता, खाली एकामागून एक ट्रक गिअर टाकत निघत होते.

दोघं एकमेकांकडे बघून इतकी मोठ्याने हसली की जयसिंगराव केबिनमधून बाहेर आले.

"काय झालं? काही झालं का?"

"काहीच नाही झालं, काकासाहेब," उदयसिंह म्हणाला. "यही तो बात है!"